पोलीस-अग्निशामकांवर नजर ठेवणारी आमदारांची समिती: गोव्यात हवी की नको?

मांडवीकाठ

डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली, त्यात स्वयंपाकघरात राबणारे कितीतरी. त्याच वर्षी मे महिन्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी. दोन्ही वेळा चौकशी झाली ती मागाहून, आणि करणारे सरकारचेच अधिकारी.

माझं म्हणणं असं की पोलीस, अग्निशामक, 112 आणि किनाऱ्यावरचे जीवरक्षक यांच्यावर नजर ठेवायला पर्वरीत विधानसभेची एक कायमची समिती हवी. जीवरक्षक पर्यटन खात्याच्या कंत्राटावर, बंब अग्निशामक संचालनालयाचे, क्लबचा परवाना पंचायतीचा. हे सगळं एकाच टेबलावर कोण मागवून घेतं?

संसदेत 1993 पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत 31 खासदार. गृह खात्याच्या समितीने फेब्रुवारी 2022 च्या अहवालात पोलीस दलात महिला जेमतेम 10.3 टक्के आहेत हे सरकारला ऐकवलं होतं. पण पोलीस हा विषय राज्याचा. म्हापशाच्या ठाण्यात काय चाललंय हे दिल्लीची समिती बघायला येणार नाही.

सत्तरीचा वाटसरू

आधी बेरीज-वजाबाकी करूया. आमदार 40. त्यातून 12 मंत्री, सभापती आणि उपसभापती काढले की उरले 26. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसचे आठ जण एका दिवसात पलीकडे, सत्ताधारी भाजपमध्ये गेले आणि विरोधी बाकांवर उरले सात. हे सात जण सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीत बसणार, मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणाऱ्या आश्वासन समितीत बसणार, वर तुमच्या नव्या समितीतही बसणार? मग सभागृहात प्रश्न कोण विचारणार?

समित्यांचं आपल्याकडे काय होतं तेही पाहिलंय. 2011 मध्ये लोकलेखा समितीचा बेकायदा खाणींवरचा अहवाल तयार झाला. अध्यक्ष तेव्हाचे विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर. सत्ताधारी सदस्यांनी सही केली नाही, अहवाल पटलावर आलाच नाही. पोलीस आणि ड्रग माफियांच्या साट्यालोट्यावर सभागृह समिती बसली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. त्यानंतर किनारी भागात काय बदललं ते कळंगुटला राहणाऱ्या कोणालाही विचारा.

पर्वरीची प्रेक्षक

वाटसरू, तुमचंच उदाहरण घेते. खाणींच्या अहवालावर सही कोणी केली नाही हे गोव्यातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत होतं. समितीच नसती तर तेवढंही कळलं नसतं. अहवाल दाबायला आधी तो लिहिला जावा लागतो.

मी प्रेक्षक सज्जात बसून कामकाज पाहिलंय. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हणतात आणि खाली बसतात. दोन उपप्रश्न होतात, सभापती पुढचा प्रश्न पुकारतात, संपलं. समितीपुढे सचिवाला तसं उठून जाता येत नाही. कागद घेऊन पुढच्या महिन्यात परत यावं लागतं. मला फरक एवढाच वाटतो, पण तो मोठा आहे.

निवृत्त हवालदार

बरीच वर्षं खाकीत काढली, म्हणून दोन शब्द.

‘आमदारांची देखरेख’ वाचून हसू आलं. अहो, ती आहेच! एकदा मडगावच्या वाटेवर नाकाबंदीला होतो. हेल्मेट नाही, मागे दोघे बसलेले, कागदपत्रांचा पत्ता नाही. तालांव, म्हणजे दंडाची पावती, लिहायला पेन काढलं. पोराने खिशातून मोबाइल काढला, कोणाला तरी लावला आणि माझ्या कानाला चिकटवला. म्हणाला, ‘बाबाकडेन उलय,’ म्हणजे बाबशी बोल. बाब म्हणजे आमदार, कोणता ते सांगायला नको. तालांव पुस्तकातून पान फाटलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बदली झाली नाही ना, मग जेव.

आता हेच बाब समितीवर बसणार. पूर्वी फोन एका मतदारसंघापुरता होता, उद्या अख्ख्या राज्यातल्या ठाण्यांना करता येईल. वरून लेटरहेडवर ‘सदस्य, गृह समिती’. निरीक्षक बिचारा काय करेल?

दुसरं म्हणजे आमचे वरचे साहेब आयपीएस, तेही अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या एकत्र केडरमधले. बदलीचा हुकूम दिल्लीहून येतो. समितीने समज द्यायच्या आत साहेब इटानगरला पोचलेले असतील. मग समज ऐकायची कोणी, हवालदाराने?

मांडवीकाठ

हवालदार काका, फोनचं तुमचं म्हणणं मान्य. पण फोन चालतो तो अंधारात म्हणून. समितीत आमदाराला जे विचारायचं ते बाकी सदस्यांसमोर विचारावं लागेल, आणि त्याची टिपणं राहतील. शिवाय खात्याच्या रोजच्या कारभारात समितीने पडायचं नाही असं संसदेच्या नियमांतच आहे. आपणही तेच लिहायचं: एकही चालू गुन्हा नाही, एकही बदली नाही, एकाही अधिकाऱ्याचं नाव नाही. विचारायचं ते मंजूर पदं किती, भरलेली किती, बंब कुठे पोचत नाही, कोणत्या जत्रेला किती माणसं लावली. हडफड्याला वाट अरुंद म्हणून बंब आत जाऊ शकले नाहीत. ही वाट आगीच्या आदल्या दिवशीही अरुंदच होती.

सत्तरीचा वाटसरू

नियमात लिहिलेलं सगळं पाळलं गेलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

ज्या संसदीय समितीचं कौतुक चाललंय तिच्याकडेच ऑगस्ट 2023 मध्ये नव्या फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं गेली. अध्यक्ष ब्रिज लाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. म्हणजे पोलिसांचे अधिकार ठरवणारा कायदा तपासायला पोलीसच. नोव्हेंबरमध्ये अहवाल, डिसेंबरमध्ये जुनी विधेयकं मागे घेऊन नवी आली. व्यभिचार पुन्हा गुन्हा करा, फक्त स्त्री-पुरुष भेद नको, ही शिफारस सरकारने सरळ बाजूला ठेवली. शिफारस बंधनकारक नसतेच. केरळमध्ये 1980 पासून विषय समित्या आहेत, तर तिथे अध्यक्ष खुद्द त्या खात्याचा मंत्री! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले, त्यात पोलीस तक्रार प्राधिकरण होतं. गोव्यात ते आहे. आधी त्याला दात द्या. 2008 चं गोवा पोलीस विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे गेलं आणि तिथून कायदा होऊन बाहेर आलं नाही. समितीच्या पोटात गेलेल्या विधेयकाचं काय होतं ते यावरून बघा.

म्हापशाची घरमालकीण

तुमचं कायद्याचं मला कळत नाही, माझा अनुभव सांगते. मागच्या दारची खोली भाड्याने दिली. भाडेकरूची पडताळणी करायची म्हणून फॉर्म भरला, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो, आणि ठाण्यावर गेले. नाव घेत नाही कुठल्या. तिथल्या बाईंनी फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि मागच्या कपाटावर ठेवला. कपाटात नव्हे, कपाटावर. तिथे असल्याच फॉर्मांचा ढीग पंख्यापर्यंत गेलेला, सुतळीने बांधलेला, वर पालीची घाण. मी विचारलं, कोण बघणार हे? त्या म्हणाल्या, ‘ताई, आम्ही चौघी, त्यातल्या दोघी आज बंदोबस्ताला.’ त्या खरं बोलत होत्या, आवाजात कुरकूरही नव्हती.

समिती हवी की नको, मला सांगता येणार नाही. पण त्या ढिगातले किती फॉर्म खरंच तपासले, हे एकदा कोणीतरी विचारावं. मी विचारलं तर मला कोण सांगणार?

पर्वरीची प्रेक्षक

वाटसरू, प्राधिकरण आणि समिती एकाच कामाची नाहीत. हवालदाराने कानशिलात मारली तर प्राधिकरण. चौघींच्या जागी दहा जणी का नाहीत, हे प्राधिकरणाला विचारताच येत नाही. केरळचा दोष मान्य, म्हणून अध्यक्ष विरोधी पक्षाचा ठेवायचा, लोकलेखा समितीत ठेवतात तसा. सात तर सात. एका अध्यक्षासाठी एकच लागतो.

सत्तरीचा वाटसरू

तोही उद्या पलीकडे गेला म्हणजे?

निवृत्त हवालदार

घरमालकीण ताईंनी सांगितलेलं कपाट मी ओळखतो. प्रत्येक ठाण्यात एक असतं. माझ्या ठाण्यातल्यावर तर गणपतीच्या मखराचं थर्माकोलही होतं.

मी अजून विरोधातच आहे. पण समिती झालीच तर तिने पर्वरीच्या एसी खोलीत साहेबांना बोलावू नये. तिथे साहेब पॉवरपॉइंट दाखवणार, सगळीकडे हिरवे बाण. 28 डिसेंबरला रात्री बाराला किनारपट्टीतल्या कुठल्याही ठाण्यात न सांगता यावं. ठाण्यात माणसं किती आणि रस्त्यावर किती ते स्वतः मोजावं, वायरलेसवर काय चाललंय ते अर्धा तास ऐकावं. चहा मी पाजतो.

फोन मात्र बाहेर गाडीत ठेवायचे. सगळ्यांचे.