ओटीजीच्या आतल्या भिंतींवरचा चिकट तपकिरी थर कसा काढावा?

प्रश्न:
आमच्या ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन) पनीर टिक्का आणि तंदुरी चिकन वरचेवर भाजले जाते. मसाल्याचे तेल उडून आतल्या भिंतींवर आणि दाराच्या काचेवर तपकिरी थर बसला असून भांड्यांच्या साबणाने तो जराही हलत नाही; शिवाय त्यानंतर केलेल्या नानकटाईलाही मसाल्याचा वास लागतो. बाजारातला कॉस्टिक सोडायुक्त ओव्हन क्लीनर वापरावा का?

उत्तर १:
वापरू नये. असे क्लीनर प्रामुख्याने आतून एनॅमलचा मुलामा असलेल्या मोठ्या ओव्हनसाठी असतात. ओटीजीचा आतला पत्रा पुष्कळदा अॅल्युमिनियमचा लेप दिलेला असतो आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला अक्षरशः खातो. साबणाचा उपयोग होत नाही, कारण तो थर आता तेल राहिलेलाच नाही. बिडाच्या तव्यावर आपण तेल पुनःपुन्हा तापवून जो काळा थर मुद्दाम चढवतो, तसाच तो भिंतींवर नकळत चढलेला आहे. प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ द्यावा, खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून जाडसर लेप भिंतींना लावावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. रॉडना आणि थर्मोस्टॅटच्या (तापमान नियंत्रकाच्या) नळीला लेप लागू देऊ नये.

उत्तर २:
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, मात्र ‘रात्रभर’ हा सल्ला सरसकट लागू होत नाही. खाण्याचा सोडा सौम्य असला तरी अल्कलीच आहे आणि अॅल्युमिनियमवर फार वेळ राहिल्यास पत्रा काळवंडतो. त्यामुळे भिंतींवर वीस-पंचवीस मिनिटे पुरेत, थर उरलाच तर काही दिवसांनी पुन्हा लावावा. काचेवर मात्र लेप खुशाल रात्रभर राहू द्यावा. सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढण्याचे व्हिडिओ पाहून आपण तसे करू नये, ही विनंती. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि मागे उरते ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. व्हिनेगर वापरायचेच असेल, तर सोडा पुसून झाल्यावर मागे राहिलेली पांढरी भुकटी काढण्यापुरते, फडक्यावर घेऊन वापरावे. तारेची घासणी तर अजिबात नको.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. तळाशी अॅल्युमिनियम फॉइल अंथरले तर पुढे हा त्रास वाचेल का?

उत्तर ३:
तळाशी फॉइल अंथरू नये. खालच्या रॉडची उष्णता अडते आणि तळ नको तितका तापतो. त्याऐवजी टिक्क्याच्या जाळीखाली ओव्हनसोबत आलेला ट्रे ठेवून फॉइल त्या ट्रेमध्ये पसरावे, म्हणजे गळणारे तेल त्यातच साठेल. भाजणे झाल्यावर प्लग काढावा आणि ओव्हन हाताला सोसेल इतका कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसून टाकावा, कारण ताजे तेल साबणाच्या पाण्यानेही सहज निघते. खालचा चुऱ्याचा ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करावा. नानकटाईला लागणारा वास अनेकदा तिथे जळलेल्या मसाल्याचाच असतो.