विषय: जूनची योसेमिटी सहल, मावशीला न्यावं का?

नमस्कार मंडळी,

जूनच्या योसेमिटी (कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान) सहलीसाठी आमची चार नावं दिली आहेत. पाचव्यावर घरात अडलंय. नाशिकहून मावशी येतेय, ती जन्मापासून मूकबधिर आहे. रेंजरबरोबरची (उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबरची) फेरी, रात्रीची शेकोटी, सगळा बोलण्याचाच कार्यक्रम. ती नुसती बसून राहील म्हणून आई म्हणते, तिला त्या दिवशी घरीच राहू दे. माझं मन घेत नाही. कुणाला अनुभव आहे का?

फ्रीमाँटहून एक भाचा

—

अरे, पाचवं नाव आजच दे.

आधी एक सांगते. ‘मूकबधिर’ नको म्हणूस, कर्णबधिर म्हण. माझा मुलगा कर्णबधिर आहे, पण मुका नाही. हातांनी बोलायला लागला की ताटातलं गार होतं.

योसेमिटीत १९७९ पासून कर्णबधिर पाहुण्यांसाठी वेगळी सेवा आहे. दोन आठवडे तरी आधी ईमेल केली, तर रेंजरच्या कार्यक्रमाला खुणांच्या भाषेचे दुभाषी मागता येतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मागताना संकोच करू नकोस. राष्ट्रीय उद्यानं केंद्र सरकारची आहेत, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ त्यांना लागू आहे. हा मावशीचा हक्क आहे.

पण तिची अडचण माझ्या मुलापेक्षा वेगळी आहे. तिथले दुभाषी अमेरिकन खुणांची भाषा वापरतात. मावशीची बहुधा भारतीय असणार. दोन्हींत फार फरक आहे. अमेरिकन भाषेत इंग्रजी अक्षरं एका हाताने दाखवतात, भारतीय भाषेत दोन्ही हातांनी. म्हणून ईमेलमध्ये नुसतं ‘कर्णबधिर पाहुणी’ लिहू नकोस. ती कुठल्या खुणा वापरते, काय वाचू शकते, हे लिही आणि रेंजर काय सांगणार त्याचे मुद्दे आधी लेखी माग. ती मराठी वाचत असेल तर मी मराठी करून देते, मोठ्या अक्षरांत, कागदावर. फोनवर विसंबू नकोस, दरीत सगळीकडे रेंज मिळत नाही.

शेकोटीचं मात्र नीट ऐक. मुलाला पहिल्यांदा अशा कार्यक्रमाला नेलं (उद्यान दुसरं होतं), तेव्हा मी दुभाषी मागितले, उजेड मागायचं सुचलं नाही. अंधार पडला आणि त्या बाईंचे हात दिसेनासे झाले. पोरगा तासभर माझ्या तोंडाकडे बघत बसला. ते अजून मनात सलतं. तेव्हापासून पिशवीत टॉर्च असते आणि आम्ही लवकर जाऊन पहिली रांग धरतो. उजेड दुभाष्यांच्या हातांवर पडेल असा धरायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही.

पायवाटेवर मावशीला मधे ठेव, शेवटी नको. मागून मारलेली हाक तिला कळणार नाही, आणि तिथे रॅटलस्नेकही आहेत, शेपटी खुळखुळवणारे विषारी साप, त्यांची खुळखुळही कळणार नाही.

तिला लोअर योसेमिटी फॉलच्या पुलावर नक्की ने. हा योसेमिटी धबधब्याचा सगळ्यात खालचा टप्पा. वरपासून पाणी तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट खाली येतं, आणि जूनमध्ये त्याला चांगला जोर असतो. माझा मुलगा तिथे कठड्याला दोन्ही तळवे टेकवून कितीतरी वेळ उभा होता. मग वळून त्याने खूण केली, “इथे वाजतंय,” आणि छातीवर हात ठेवला.

जाता जाता सगळ्यांसाठी: कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना राष्ट्रीय उद्यानांचा ॲक्सेस पास (प्रवेशाचा पास) आयुष्यभरासाठी मोफत मिळतो. त्यात बहिरेपणही येतं. मावशी पाहुणी म्हणून आलेली, तिला तो मिळणार नाही. पण इथल्या ज्या आजी-आजोबांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, त्यांच्यासाठी चौकशी करा. दोन घरं मला माहीत आहेत.

सॅन होजेची काकू

—

काकू,

पाचवं नाव दिलं. ईमेलही गेली, भाषेचं आणि उजेडाचं दोन्ही लिहिलंय. मावशी मराठी वाचते, रोज पेपर वाचते. मुद्दे आले की तुम्हाला पाठवतो.

सहल समितीला विनंती: बसमध्ये यंदा अंताक्षरीऐवजी दमशेराज ठेवू या.

काल व्हिडिओ कॉलवर आईने दोन्ही हातांचे पंजे करून मावशीला अस्वल दाखवलं. मावशीने मान हलवली, आईची खूण चुकली म्हणून स्वतः करून दाखवली, आणि मग विचारलं, खरंच दिसेल का?

भाचा