डिस्क गोल्फ: कंपनी बदलली की अख्खी बॅग बदलायची, ही अट जायला हवी

शार्लटचा_मंदार

आधी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फसारखंच सगळं, फक्त काठी आणि चेंडूऐवजी चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची. इथे नॉर्थ कॅरोलायनात पार्कांमध्ये कोर्स भरपूर आहेत, मी सहा वर्षं खेळतोय.

दरवर्षी सीझन संपला की बातम्या सुरू होतात, अमक्याने ही कंपनी सोडली, तमका तिकडे गेला. पैसे घेऊन जाण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, जरूर जावं. माझा राग आहे तो एका अटीवर. डिस्क बनवणाऱ्या कंपनीशी मोठा करार झाला की बॅगेतली एकूण एक डिस्क त्याच कंपनीची पाहिजे, लांब फेकायचा ड्रायव्हर, मधल्या अंतराचा मिडरेंज, जवळून बास्केटमध्ये टाकायचा पटर, सगळं.

आपल्याला स्पॉन्सर म्हटलं की सचिनच्या बॅटवरचं एमआरएफ आठवतं. टायरची कंपनी, बॅटशी तिचा काय संबंध? नंतर स्टिकर आदिदासचं आलं, पण त्यासाठी सचिनला बॅटचं वजन, तोल, मूठ काही बदलावं लागलं नाही. डिस्कचं तसं नाहीये. कड किती रुंद, वरचा घुमट किती उंच, प्लास्टिक कडक का मऊ, सगळ्याने उडणं बदलतं. त्यात डिस्क मुरावी लागते. नवी कोरी डिस्क उजव्या हाताने बॅकहँड फेकली की शेवटी डावीकडे ओढते, तीच झाडांवर आपटून आपटून दोनतीन वर्षांत सरळ जायला लागते आणि अजून झिजली की उजवीकडे वळते. म्हणून प्रो लोक एकाच मोल्डच्या, म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या, तीनचार डिस्क ठेवतात, एक नवी, एक अर्धी मुरलेली, एक पार जुनी. कंपनी बदलली की ही सगळी कमाई कपाटात.

सायमन लिझॉट बघा. जर्मनीचा पोरगा, दहाएक वर्षं डिस्कमेनिया कंपनीबरोबर, त्याचे यूट्यूब व्हिडिओ बघून माझ्यासारखे कितीतरी जण या खेळात आले. २०२३च्या जानेवारीत एमव्हीपी या दुसऱ्या कंपनीकडे गेला, दहा वर्षांचा करार. एमव्हीपीच्या बहुतेक डिस्कला बाहेरची कड वेगळ्या, जड प्लास्टिकची असते, हातात धरल्यावरच वेगळं लागतं. एका हिवाळ्यात त्याने सगळं बदललं. मला ते बघून खरंच वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की निदान पटर तरी खेळाडूच्या मर्जीचा असू द्या. टायगर वूड्सने २०१९चं मास्टर्स जिंकलं तेव्हा काठ्यांचा करार टेलरमेडशी होता आणि पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, मात्र त्याचा जुना, दुसऱ्या कंपनीचा स्कॉटी कॅमेरॉन. गोल्फमध्ये चालतं तर इथे का नाही?

अनघा_मिशिगन

मंदार, मला अजिबात नाही पटलं. आणि पटरचं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतंय.

जेम्स कॉनराड २०२१च्या सुरुवातीला इनोव्हा सोडून एमव्हीपीकडे गेला. त्याच वर्षी युटामध्ये ऑग्डेनला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. शेवटचा अठरावा होल, कॉनराड एका फेकीने मागे, पुढे कोण तर पॉल मॅकबेथ. बास्केट २४७ फुटांवर, म्हणजे ७५ मीटर, आणि तिथून याने डायरेक्ट साखळीत घातली! मग प्लेऑफमध्ये मॅकबेथला हरवून टायटल. मी तो थ्रो किती वेळा बघितला असेल देव जाणे, अजूनही अंगावर काटा येतो. तर ती डिस्क होती एमव्हीपीची एन्व्ही, आणि एन्व्ही हा पटरच आहे. तुमच्या नियमाने कॉनराडने जुनाच पटर ठेवला असता तर? नंतर दुकानांत एन्व्ही मिळेनाशी झाली होती, मी स्वतः दोनतीन ठिकाणी शोधून रिकाम्या हाताने परत आलेय. कंपनी पैसे देते ते याच क्षणासाठी ना.

आणि मॅकबेथ स्वतः. इनोव्हाबरोबर २०१२ ते २०१५ सलग चार वर्ल्ड टायटल, २०१८च्या शेवटी डिस्कक्राफ्टला गेला आणि २०१९ला पिओरियात पाचवं टायटल. नव्या बॅगेने, पहिल्याच वर्षी. म्हणजे कॉनराड आणि मॅकबेथ दोघंही बॅग बदलल्या बदलल्या वर्ल्ड चॅम्पियन. मुरलेल्या डिस्कचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे पण जगातल्या सर्वात चांगल्या हातांना त्याने इतका फरक पडत नाही.

शार्लटचा_मंदार

अनघाताई, थ्रोबद्दल शंभर टक्के सहमत. पण ही दोन नावं जिंकली म्हणून आपल्याला आठवतात, बॅग बदलून ज्याचं वर्ष फुकट गेलं त्याचे व्हिडिओ कोण बघतं? शिवाय मॅकबेथ आला म्हणून डिस्कक्राफ्टने त्याच्या हाताला बसेल असा लुना हा पटर बनवला, मग अ‍ॅनॅक्स, झ्यूस, माल्टा या डिस्क. लिझॉटसाठी एमव्हीपीने पिक्सेल आणि टाइम-लॅप्स काढल्या. पस्तिसाव्या-चाळिसाव्या नंबरच्या खेळाडूसाठी कोण मोल्ड काढतंय? त्याला कॅटलॉगमध्ये जे आहे त्यातच भागवायचं. माझा मुद्दा त्याच्याबद्दल आहे.

पटरवाला

मंदारला माझा पाठिंबा, आणि हे मी भोगलंय म्हणून लिहितोय. मी काही प्रो नाही, लोकल टुर्नामेंट खेळणारा माणूस, पण चार वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीच्या टीममध्ये घेतलं. मिळणार काय तर जर्सी, वर्षाला थोड्या डिस्क आणि खरेदीवर सूट. बदल्यात टुर्नामेंटमध्ये फक्त त्यांचीच डिस्क आणि इन्स्टावर महिन्याला इतके फोटो. मी खुशीत सही केली. माझा जुना पटर आठ वर्षांचा होता, कडेला खरवडलेला, पावसातसुद्धा बोटांतून सुटायचा नाही. तो घरी ठेवला. त्या वर्षी सर्कलच्या आतले, म्हणजे दहा मीटरच्या आतले पट (पटरने बास्केटमध्ये टाकायच्या फेकी) मी असे घालवलेत की रात्री झोप यायची नाही, सात मीटरवरून साखळीला लागून बाहेर. बायको म्हणाली अहो तो जुना घ्या ना परत, आणि मी म्हणायचो सही केलीये. वर्ष संपलं तसं टीम सोडली. फुकटच्या थोड्या चकत्यांसाठी मी माझा आवडता खेळ वर्षभर नावडता करून घेतला. मोठ्या खेळाडूला निदान पैसे मिळतात, खालच्या पातळीवर तर ही अट नुसती अन्यायाची आहे.

डोंबिवली_टू_डॅलस

पटरवाले, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण तो करार तुम्ही स्वतः सोडलात ना, मग तोच उपाय आहे. नियम कशाला बदलायचा?

जरा पैशाचं बोलूया. या खेळात टीव्हीचा पैसा नाही, बक्षिसं गोल्फच्या मानाने किरकोळ. टूरवरचे कितीतरी खेळाडू व्हॅनमध्ये राहून गावोगाव फिरतात. मग उत्पन्न कुठून येतं? डिस्क विकून. खेळाडूचं नाव छापलेली डिस्क विकली की त्यातले काही पैसे त्याला. मॅकबेथचा २०१८चा करार वर्षाला अडीच लाख डॉलर, चार वर्षं. २०२१ला तोच डिस्कक्राफ्टबरोबर दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा झाला. हे पैसे डिस्कक्राफ्टने का दिले? कारण लोक बघतात की तो लुनाने पट करतो, आणि लुना घेतात. त्याने उद्या दुसऱ्या कंपनीचा पटर काढला तर माझ्यासारखा माणूस दुकानात जाऊन तोच दुसरा पटर घेणार, मग डिस्कक्राफ्टने पगार कशाचा द्यायचा? वूड्सची गोष्ट वेगळी. त्याच्या खेळात टीव्हीचा आणि बक्षिसाचा पैसा इतका आहे की पटर कुठला यावर कुणाची चूल अडत नाही. इथे अडते.

ब्रॉडी स्मिथचंच घ्या. अल्टिमेट (चकतीचा टीम खेळ) आणि ट्रिक शॉटवाला यूट्यूबर, डिस्क गोल्फमध्ये तेव्हा काहीच जिंकलेलं नाही, तरी २०२०ला डिस्कक्राफ्टने घेतलं आणि बरेच प्रो चिडले. पण त्याच्या नावाच्या डिस्क हातोहात खपल्या. स्पॉन्सरशिप म्हणजे विक्री आहे, हे आवडो न आवडो.

पुण्याची_फ्रिस्बी

मी अल्टिमेट खेळते, आम्हाला डिस्कक्राफ्टची १७५ ग्रॅमची अल्ट्रा-स्टार ही एकच डिस्क माहीत, दोन्ही टीम त्याच एका चकतीने खेळतात, त्यामुळे हे सगळं वाचून डोकं गरगरलं 🙂 पण मला मंदारदादांची अट आणि डॅलसवाल्या दादांचे पैसे, दोन्हीपेक्षा कराराची लांबी जास्त टोचतेय. दहा वर्षं म्हणजे किती मोठा काळ आहे, खांदा गेला, पाय मोडला, किंवा कंपनीच विकली गेली तर? आणि शाळकरी वयाची पोरं सह्या करतात त्यांचं काय? गॅनन बूर या खेळाडूचं वाचलं, सतराव्या वर्षी प्रॉडिजी कंपनीबरोबरच्या करारावरून त्याचा वाद थेट कोर्टात गेला. २०२४ला तो डिस्कमेनियाकडे गेला आणि २०२५ला फिनलंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, चांगलंच झालं. पण त्या वयात वकील, कोर्ट, आणि शनिवारी उठून टुर्नामेंट खेळायची, हे कुणावर येऊ नये.

अनघा_मिशिगन

पुण्याची_फ्रिस्बी, हे मात्र बरोबर. अठरा वर्षांखालच्या मुलांचे करार एक वर्षाचेच असावेत, त्यात मी तुझ्या बाजूने. पण मोठ्यांना दहा वर्षांचा करार मिळतो तेव्हा ती सुरक्षितताही असते ना. मॅकबेथने २०२२ला सहावं टायटल घेतलं, पुढे फॉर्म वरखाली होणारच, तरी त्याचे पैसे ठरलेले आहेत. व्हॅनमध्ये राहणाऱ्याला विचारा, तो पटर आनंदाने देईल.

शार्लटचा_मंदार

देईलच, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेला नाही, हेच तर मी म्हणतोय. रिकी वायसॉकीने डायनॅमिक डिस्क्सशी करार केला तेव्हा त्याला लॅटिट्यूड ६४ आणि वेस्टसाइडच्याही डिस्क फेकता येत होत्या, तीन नावांतून निवड. म्हणजे सवलत दिल्याने कंपनी बुडत नाही.

डोंबिवली_टू_डॅलस

अहो पण त्या तिन्ही एकाच घरच्या आहेत! एकाच कारखान्यातून बनून यायच्या, पैसा घरातच राहतो. इनोव्हाचा पटर फेकू दिला असता तर गोष्ट वेगळी.

पटरवाला

पण मग निदान जर्सीवाल्या टीमना तरी ही अट नको, जिथे पगारच नाही तिथे विक्रीचं कारण कसं लागू होतं? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

अनघा_मिशिगन

पटरवाले, तिथे मला तुमचं म्हणणं मान्य आहे. पगार नाही तर अट नाही. तो जुना पटर अजून आहे ना बॅगेत?

पटरवाला

आहे. परवाच नऊ मीटरवरून घातला, वारा समोरून होता.