पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसवलंय, घाटात पेट्रोल कमी पडतंय. मोठा पंप घेऊ का?

होटगी_रोड_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. याच गाडीतून त्यांनी यंत्रमागासाठी सूत आणलं, याच गाडीतून बहिणीची पाठवणी झाली. मूळ १०८९ सीसीचं इंजिन दोनदा बोअर झालं, तिसऱ्यांदा ब्लॉकमध्ये काही उरलंच नव्हतं. म्हणून मारुती जिप्सीचं १३०० सीसी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळा असतो, तो वगळून प्रॉपेलर शाफ्ट सरळ जोडता आला. आरटीओची परवानगी आधी काढली होती, आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाय.

गावात झकास पळते. पण तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलेटर दिला की साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे दम सोडते. टाकी पावावर आली की वळणावर आचके देते. पंप डिकीत बसवलाय, दुपारी किर्रर्र ओरडतो. एक जण म्हणतो, ताशी २५५ लिटरचा पंप आणि मोठे इंजेक्टर टाक, ताकदही वाढेल. खर्च करायला तयार आहे, पण सांगा की, हेच करू का?

एमआयडीसी_फिटर:
दादा, थांबा जरा. पंप घेऊ नका, आधी प्रेशर गेज घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जीव तोडून सांगतोय.

हे इंजिन ८० बीएचपीचं. पूर्ण जोरात त्याला ताशी २५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. एमपीएफआय मारुतीचा धड पंप ३ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) त्याच्या दुप्पट तरी देतो. २५५ चा लावलात तर उरलेलं सगळं तापलेल्या रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवरून) फिरून टाकीत येणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात पेट्रोल आणखी कशाला तापवायचं? मोठे इंजेक्टर तर मुळीच नकोत. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते बदलल्याचं कळत नाही, तो इंजेक्टर जुन्याच हिशेबाने उघडत राहील आणि गाडी काळा धूर सोडेल.

फिल्टरच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज काचेवर बाहेरून बांधा. केबिनमध्ये पेट्रोलचा पाइप आणू नका. इंजिन बंद, पंप चालू असताना पावणेतीन ते तीन बार हवं. आयडलला इंजिनच्या व्हॅक्यूममुळे (हवेच्या ओढीमुळे) थोडं उतरतं. पूर्ण ॲक्सिलेटरला व्हॅक्यूम जातो, म्हणजे काटा वर चढला पाहिजे. तेव्हाच तो खाली येत असेल तर रोग मागे टाकीकडे आहे. तसंच चालू पंपाच्या पिनांवर व्होल्टेज मोजा.

तो किर्रर्र आवाज म्हणजे पंपाला पेट्रोल ओढावं लागतंय. हे पंप ढकलायला बनलेत, मूळ गाडीत ते टाकीत बुडलेले असतात. बारीक पाइपमधून गरम पेट्रोल ओढलं की त्याची तिथेच वाफ होते. पंप टाकीच्या तळाखाली घ्या. वळणावरच्या आचक्यांना सर्ज टँक हवा: लिटर-दीड लिटरचा उभा बंद डबा. कार्ब्युरेटर गाडीचा छोटा इलेक्ट्रिक पंप तो भरतो, मुख्य पंप त्याच्या तळातून घेतो, रेलचं रिटर्न त्यातच येतं, जास्तीचं वरून टाकीत जातं.

जुना_पुणे_नाका:
काकांचं बरोबर आहे. होजही बघा. कार्ब्युरेटरचा साधा होज ३ बारसाठी नसतो. माझ्याकडे क्लँपपाशी आधी ओलसर दिसला, आठवड्याने फाटला, तोही गरम एक्झॉस्टच्या वर. इंजिन लगेच बंद केलं म्हणून आग लागली नाही. इंजेक्शनचाच होज घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं.

होटगी_रोड_पद्मिनी:
काका, रविवारी सगळं मोजलं. इंजिन बंद असताना २.९. घाटात वडील शेजारी बसून काटा वाचत होते: "अडीच... दोन... एक पॉइंट सात." गाडीने दम सोडला तो तिथेच. पंपाला व्होल्टेज १०.६, बॅटरीवर मात्र १३.८. वायर जुन्या इग्निशन स्विचवरून आलेली, मध्ये रिलेच (बॅटरीचा करंट थेट पंपाला जोडणारा विजेवरचा स्विच) नाही. पंपाआधीची जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकली, तर शेंगा चटणीसारखी लालसर भुकटी पडली. सगळा टाकीतला गंज!

टाकी धुऊन घेतली, पंप खाली घेतला, बॅटरीवरून फ्यूज आणि रिले टाकून जाड वायर ओढली, होज बदलले. व्होल्टेज १३.४. परवा त्याच चढाला काटा २.९ वरून हलला नाही, साडेपाच हजारापर्यंत ओढली. वडील काही बोलले नाहीत, नुसता डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. सर्ज टँक राहिलाय.

एमआयडीसी_फिटर:
वा, छान झालं! रिलेला इशारा ईसीएमकडूनच द्या, चावीवरून नको. अपघातात इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबला पाहिजे. सर्ज टँक होईपर्यंत टाकी अर्ध्याखाली नेऊ नका. आणि चारही चाकांना अजून ड्रम ब्रेकच आहेत ना? ताकद दुपटीच्या आसपास गेलीय, पुढे डिस्क बसेपर्यंत घाट दुसऱ्या गिअरलाच उतरा.