मदत हवी आहे: कापून जोडलेले मराठी शब्द

नमस्कार मंडळी, मी औशाचा, लातूर जिल्हा. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, गल्लीतल्या लेकरांसाठी शब्दांचा खेळ ठेवलाय. विराट-अनुष्काचं ‘विरुष्का’, बॉम्बे-हॉलिवूडचं ‘बॉलिवूड’, कॉस्च्युम-प्लेचं ‘कॉसप्ले’ त्यांना लगेच कळतं. समासात शब्द बहुतेक अख्खे राहतात, इथं कात्री लागते आणि तरी दोन्ही ओळखू येतात. मला तर खरी गंमत ह्यातच वाटते. पण अस्सल मराठी एकच सापडला: धूर आणि धुकं मिळून ‘धुरकं’. किती देखणा शब्द! असे आणखी कुणाला ठाऊक आहेत का? मालिकांतल्या जोड्यांना चाहत्यांनी दिलेली नावंही चालतील. कोणते दोन शब्द मिसळलेत तेवढं नक्की लिहा, लेकरं विचारल्याबिगर सोडत नाहीत.