सोलरच्या उरलेल्या विजेवर गाडी चार्ज करायचीय, पण चार्जर सारखा चालू-बंद होतोय

छतावरचं_ऊन:
नमस्कार मंडळी. घरी ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज वॉलबॉक्स (गाडीचा भिंतीवरचा चार्जर) आहे, छतावर सोलर आहे आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून चालू आहे. घर चालवून उरलेली वीज ग्रिडला न जाता गाडीत जावी एवढंच हवंय. ऑटोमेशन साधं आहे, मीटरवर एक्सपोर्ट (ग्रिडला जाणारी वीज) १४०० वॅटच्या वर गेला की चार्जिंग चालू, खाली आला की बंद. पण ऊन चांगलं असलं तरी वॉलबॉक्समधला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) टक-टक करत राहतो आणि मग कधीकधी गाडी चार्जिंगच घेत नाही, केबल काढून परत लावावी लागते. वॉलबॉक्सच्या लाइनवर स्मार्ट रिले टाकून सरळ सप्लायच ऑन-ऑफ केला तर चालेल का?

पायलट_वायर:
रिले अजिबात नको. चार्जर गाडीला केबलमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या वायरवरून १ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो, त्याची ड्यूटी सायकल (सिग्नल किती टक्के वेळ चालू असतो ते) बघून गाडीला कळतं की जास्तीत जास्त किती करंट घ्यायचा, १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३०. बंद करायचं झालं की वॉलबॉक्स आधी सिग्नल थांबवतो, गाडी लोड सोडते आणि मग कॉन्टॅक्टर उघडतो, त्यामुळे ठिणगी पडत नाही. रिलेने मध्येच सप्लाय तोडला तर भरल्या लोडवर कॉन्टॅक्ट उघडणार, ते जळतात, आणि गाडी तो फॉल्ट समजू शकते ते वेगळंच. चालू-बंद करायच्या ऐवजी करंट कमी-जास्त करा, ६ ते ३२ च्या मध्ये.

मीटरवाचक:
वरचं बरोबरच आहे, पण टक-टक होतेय ती तुमच्या हिशोबामुळे. समजा एक्सपोर्ट १६०० आहे, गाडीने ६ अँपिअरने १३८० वॅट घ्यायला सुरुवात केली की मीटरवर उरले २२०, ऑटोमेशनला वाटतं ऊन गेलं, बंद करतं, लगेच परत १६०० दिसतात, परत चालू. म्हणून गाडी आत्ता जेवढी घेतेय तेवढी एक्सपोर्टमध्ये मिळवा, इम्पोर्ट होत असेल (ग्रिडमधून वीज येत असेल) तर तो मायनस धरा. त्या बेरजेला २३० ने भागा आणि अपूर्णांक सोडून द्या, ३००० वॅट असतील तर १३ अँपिअर. ६ च्या खाली स्टँडर्डमध्येच सोय नाहीये, त्यामुळे ढग आला तर लगेच बंद करू नका, ६ वर आणून दहाएक मिनिटं थांबा, तेवढ्यात थोडी वीज ग्रिडमधून आली तर येऊ द्या. रीडिंगपण क्षणाचं नको, एक-दोन मिनिटांची सरासरी घ्या.

छतावरचं_ऊन:
अरे हो, गाडीचं लोड मिळवायचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! वॉलबॉक्सला ओसीपीपी १.६ (चार्जर आणि सर्व्हरमधल्या संवादाचा प्रोटोकॉल) आहे, त्यातून करंट बदलता येईल ना? आणि रात्री होम असिस्टंट हँग झालं आणि घरात ओव्हन, गीझर सगळं चालू असेल तर मेन एमसीबी पडेल का, ही मोठी काळजी आहे.

पायलट_वायर:
येईल, स्मार्ट चार्जिंग प्रोफाइल सपोर्ट असेल तर. चालू सेशनसाठी ट्रान्झॅक्शन प्रोफाइल वापरा, डिफॉल्ट प्रोफाइल (सगळ्या सेशनना लागू होणारं) दर मिनिटाला बदलू नका, काही चार्जर ते दर वेळी फ्लॅश मेमरीत लिहितात आणि फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते. शिवाय बहुतेक वॉलबॉक्स एका वेळी एकाच ओसीपीपी सर्व्हरला जोडता येतात, कंपनीचं ॲप त्यावरच चालत असेल तर ते बंद पडेल. मॉडबस टीसीपी (घरच्या नेटवर्कवरून थेट वॉलबॉक्सला आज्ञा द्यायचा प्रोटोकॉल) असेल तर मी तेच घेईन. सगळं स्वतः लिहायचं नसेल तर ईव्हीसीसी बघा, ओपन सोर्स आहे, हेच काम करतं.

मीटरवाचक:
एमसीबीची जबाबदारी ऑटोमेशनवर टाकूच नका, मी तर म्हणेन हे सगळ्यात आधी करा. मेन लाइनवर सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा सेन्सर) बसवून तो थेट वॉलबॉक्सला जोडा, घरचं लोड वाढलं की वॉलबॉक्स स्वतःच करंट खाली आणेल, होम असिस्टंट चालू असो वा नसो. तुमच्या मॉडेलला ती सोय नसेल तर कमाल करंटच इलेक्ट्रिशियनकडून कमी सेट करून घ्या. आणि सेटिंगमध्ये कम्युनिकेशन तुटल्यावरचा करंट असा पर्याय असेल तर तिथे ६ टाका.

छतावरचं_ऊन:
क्लॅम्पचा पोर्ट आहे, आत्ताच मॅन्युअलमध्ये बघितलं. वायरिंगला इलेक्ट्रिशियनला बोलावतो, तोवर नवा हिशोब टाकून ठेवतो आणि ग्राफ इथे टाकतो.