मदत हवी आहे: विद्यापीठासोबत संयुक्त अनुदान अर्ज, सही करण्याआधी काय पाहावं?

निळीछत्री

नमस्कार मंडळी. अनुदानाच्या कामातले जाणकार इथे आहेत म्हणून हा धागा. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचा छोटा गट आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मदतकेंद्र चालवतो. थकलेलं घरभाडं, वीज-पाण्याची बिलं, लाभयोजनांचे अर्ज, घरमालकाच्या नोटिसा, असलं सगळं. पगारी माणूस एकच, तीही अर्धवेळ. बाकीच्या त्याच परिसरातल्या बायका आहेत. स्वतःचे अर्ज भरता भरता त्या इतक्या तयार झाल्यात की नियमातली पळवाट त्यांच्या आधी कुणाला सापडत नाही.

विद्यापीठातल्या एका विभागाने विचारलंय की तीन वर्षांच्या अनुदानासाठी एकत्र अर्ज करू या. अनुदान विद्यापीठ आणि स्थानिक संस्था यांच्या भागीदारीलाच मिळतं, म्हणजे आमच्याशिवाय त्यांचा अर्जच उभा राहत नाही. प्राध्यापक माणूस चांगला आहे, हे आधीच सांगते, नाहीतर लगेच त्यांच्यावर तुटून पडाल. पण आता मसुदा आणि अंदाजपत्रक हातात आलंय, आणि वाचून आम्ही सगळ्या गप्प झालो.

अंदाजपत्रकात पूर्णवेळ प्रकल्प व्यवस्थापक (बसणार विद्यापीठात), संशोधन सहायक, सॉफ्टवेअर, परिषदांचा प्रवास, विद्यापीठाचा प्रशासकीय खर्च, आणि अगदी तळाला 'समुदाय समन्वय' अशी एक ओळ. ती ओळ म्हणजे आम्ही. एकूण रकमेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर आमची खोली आणि स्वयंसेवकांचे तास 'अर्जदारांचा स्वतःचा वाटा' म्हणून दाखवलेत. आणि पैसे कसे मिळणार, तर आधी आम्ही खर्च करायचा, बिलं लावायची, मग परतावा. आमच्या खात्यात दोन महिन्यांचं भाडं भरण्यापुरतीही शिल्लक नसते.

दुसरी अडचण कामाची. मसुद्यात लिहिलंय की पहिल्याच भेटीत प्रत्येक कुटुंबाकडून ४० मिनिटांची प्रश्नावली भरून घ्यायची. आमच्याकडे पहिली भेट कशी असते ते सांगते. बाई येते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत पाकिटं घेऊन. बरीचशी न उघडलेली, कारण उघडायची भीती वाटते. आम्ही ती टेबलावर ओततो, तारखेप्रमाणे लावतो, आणि जिची मुदत उद्या संपतेय ती नोटीस हमखास तळाशी चिकटलेली निघते. तिला त्या वेळी 'गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला किती वेळा चिंता वाटली' हे विचारायचं?

आणखी एक. अर्ध्या कुटुंबांना लगेच मदत, उरलेल्यांना सहा महिन्यांनी, म्हणजे तुलना करता येईल, असं त्यांचं म्हणणं. ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "घर रिकामं करायची नोटीस सहा महिने थांबते का?"

तर, सही करावी का? कोणत्या अटी घालता येतात? अटी घातल्या तर 'आम्ही दुसरी संस्था बघतो' असं ऐकावं लागेल का? पैशाची गरज नाही असं अजिबात नाही, उलट फार आहे.

हिशेबनीस

निळीछत्रीताई, मी बरीच वर्षं अनुदानांचे हिशेब बघतो, म्हणून पैशाबद्दलच बोलतो. बाकीचं इतर सांगतील.

पहिलं, परताव्याची अट बदलता येते. मुख्य अर्जदार विद्यापीठ असलं तरी तुमच्यात आणि त्यांच्यात वेगळा करार होणार. त्यात तिमाही आगाऊ रक्कम मागा. त्यांना अनुदान कोणत्याही पद्धतीने येवो, पहिले काही महिने पदरचे पैसे घालायची ताकद त्यांच्यात आहे, तुमच्यात नाही. आगाऊ नाहीच जमलं तर बिल दिल्यापासून ३० दिवसांत पैसे, हे लिहून घ्या. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत परताव्याला हीच मुदत आहे, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही.

दुसरं, प्रशासकीय खर्च. विद्यापीठ इमारत, लेखाविभाग, वीज यांच्यासाठी एक टक्केवारी लावतं. लावू दे, खर्च खरा असतो. पण तुमच्याकडेही भाडं, लेखापरीक्षण, विमा, फोन आहेच ना? तुमच्या ओळीत तो कुठे आहे? अमेरिकेत ज्या संस्थांचा सरकारशी प्रशासकीय खर्चाचा स्वतःचा दर ठरलेला नाही त्यांना २०१४ पासून सरसकट १० टक्के लावायची मुभा होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. आणि मधली संस्था, म्हणजे अनुदान घेऊन पुढे तुमच्यासारख्यांना देणारी, ते नाकारू शकत नाही. तुमच्या अनुदानदात्याचे नियम वेगळे असतील, पण नियमपुस्तिकेत हा भाग शोधा. बहुतेक छोट्या संस्था मागतच नाहीत, म्हणून त्यांना मिळत नाही.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात खटकलं. तुमची खोली आणि तुमचे तास 'स्वतःचा वाटा' म्हणून दाखवले असतील तर त्या वाट्याच्या जोरावर मिळणारा अनुदानाचा पैसा कुणाच्या ओळीत जातोय? वाटा तुमचा आणि पगार त्यांचे, असा हा हिशेब आहे. शिवाय ते तास तीन वर्षं हजेरीपत्रकावर सिद्ध करावे लागतील. ती कटकट कुणाची? तुमचीच. हा आकडा कमी करायला सांगा किंवा त्याच्या बदल्यात ओळ वाढवायला सांगा.

चिकटपट्टी

सही करू नका. यांना गरीब लागतात ते शोधनिबंधापुरते. तीन वर्षांनी अहवाल निघेल, गुळगुळीत कागदावर, आणि तुमच्या दाराला कुलूप.

निळीछत्री

चिकटपट्टी, कुलपाची भीती अनुदानाशिवायही आहेच हो. म्हणून तर विचारतेय.

सुमेधा_क

मी संशोधनाच्या बाजूची आहे, त्यामुळे मला थोडं पलीकडचंही दिसतं. प्राध्यापकांना तुलनागट हवा असण्यामागे दुष्टपणा नसतो. अनुदानदाता विचारतो, 'मदतीमुळे फरक पडला हे कशावरून?' नुसतं 'आधी आणि नंतर' दाखवलं तर परीक्षक म्हणतात की हे आपोआपही झालं असतं. माणूस अगदी गळ्याशी आलं की मदतीला येतो, त्यानंतर थोडंफार सुधारतंच.

पण प्रतीक्षा लावणं योग्य की अयोग्य याला साधी कसोटी आहे. तुमच्याकडे तसेही सगळ्यांना पुरतील एवढे हात आहेत का? नसतील आणि आजही लोक रांगेत थांबत असतील, तर रांगेत कोण आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं ओळखीपाळखीने ठरवण्यापेक्षा न्याय्य आहे. हात असताना मुद्दाम थांबवणं मात्र चूक. आणि मुदतीची नोटीस, तोडलेली वीज, घरात तान्हं मूल असली तातडीची प्रकरणं चिठ्ठीत घालायचीच नाहीत. ती थेट आत. हे आराखड्यात लिहिता येतं, संशोधन त्याने बिघडत नाही. फक्त निष्कर्ष उरलेल्या गटापुरते राहतात.

प्रश्नावलीबद्दल माझं मत ठाम आहे: मदत आणि संशोधनाची संमती या दोन गोष्टी वेगळ्या कागदांवर, वेगळ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या माणसाने घ्याव्यात. पाकिटं टेबलावर पसरलेली असताना मिळालेली संमती ही संमती नव्हे. बाईला वाटणार, नाही म्हटलं तर काम होणार नाही. संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाबद्दल १९७९ साली अमेरिकेत बेल्मॉन्ट अहवाल निघाला. त्यात माणसाचा आदर, हित आणि न्याय अशी तीन तत्त्वं मांडली आहेत, आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या बहुतेक नैतिकता समित्या आजही त्याच चौकटीत विचार करतात. तुम्ही हा आक्षेप लेखी दिलात तर प्राध्यापकांना तो समितीपुढे ठेवावा लागेल. खरं तर त्यांना त्याची मदतच होईल, समिती नाहीतरी हेच विचारणार आहे.

माहिती कुणाच्या ताब्यात राहणार तेही बघा. कोण किती महिने भाडं थकवून बसलंय याची नावानिशी यादी म्हणजे घरमालकासाठी घबाड. नावं तुमच्याकडेच राहू द्या, विद्यापीठाला फक्त क्रमांक. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी १९९८ मध्ये यासाठी स्वतःची तत्त्वं बांधली: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा, चारही समाजाकडे. तुम्हाला चारही मिळतील असं नाही, पण छापण्याआधी मसुदा वाचायचा हक्क आणि कच्च्या माहितीची प्रत एवढं तरी मागाच.

जुनाखेळाडू

वर चांगली माहिती आलीय, मी जरा मागचं सांगतो. ही भांडणं नवीन नाहीत. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९९२ च्या कायद्याखाली अगदी अशाच भागीदाऱ्यांसाठी अनुदान सुरू केलं होतं. त्यात अट होती की संशोधनावर एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याहून जास्त जाता कामा नये, बाकी सगळं प्रत्यक्ष कामाला. विद्यापीठाने स्वतःचा वाटा घालायचा तोही संशोधनासाठी जास्त आणि कामासाठी कमी. कारण उघड आहे, मोकळं सोडलं की पैसा संशोधनाकडे उतरतो. तुमच्या अंदाजपत्रकाला हीच फूटपट्टी लावा. कुटुंबांपर्यंत पोचणारा पैसा किती आणि कुटुंबांबद्दल लिहिण्यावरचा किती, दोन रकाने करा आणि पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा. भाषण करावं लागत नाही.

नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' काढली. तिथे प्रश्न लोकांच्या गटांनी घेऊन यायचा आणि विद्यार्थ्यांनी त्यावर काम करायचं. तुमच्या मसुद्यातला मुख्य प्रश्न कुणी ठरवला? तुम्हाला तीन वर्षांत कशाचं उत्तर हवंय ते एका वाक्यात लिहून द्या. उदाहरणार्थ, कोणत्या कारणाने अर्ज फेटाळले जातात. असा अभ्यास तुमच्या त्या बायकांना दुसऱ्या दिवशीपासून उपयोगी पडेल.

सल्लागार समितीत जागा देऊ म्हणतील. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात निर्णयाचा अधिकार नसलेली समितीतली खुर्ची पाचव्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या. सहावी मागा: अंदाजपत्रकातला कोणताही मोठा बदल तुमच्या सहीशिवाय होणार नाही.

निळीछत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रकाने करून पाहिले. कुटुंबांकडचा रकाना फारच बारीक दिसतोय.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. आमच्या बायकांना मुलाखती घेण्याचं मानधन देऊ म्हणतात, तेही भेट-कार्डाने. ते बरं का? आणि विद्यार्थी. विद्यापीठाने त्यांचे तास भरभरून दाखवलेत, पण परीक्षा आणि सुट्ट्यांत ते नसतात. भाडं मात्र सुट्टीतही थकतं.

हिशेबनीस

मानधनाबाबत जपून. उत्पन्नावर अवलंबून असलेला लाभ कुणी घेत असेल तर हे मानधन उत्पन्नात धरलं जाऊन लाभ कमी होऊ शकतो, कधी बंदही. भेट-कार्ड दिलं म्हणजे ते मोजत नाहीत असं गृहीत धरू नका. तुमच्याच केंद्रात बसणाऱ्या बाईचा अर्ज उद्या तुम्हालाच भरावा लागेल. प्रत्येकीची स्थिती आधी तपासा, आणि रोख, हप्ते की प्रशिक्षण-प्रवासखर्च, हे तिला निवडू द्या. ज्या नियमित काम करणार आहेत त्यांना सरळ पगारी अर्धवेळ जागा द्या म्हणावं. व्यवस्थापकाचं पद अर्धं केलं तर दोन जागा निघतील.

सुमेधा_क

विद्यार्थ्यांचं: त्यांना पाकिटांच्या टेबलावर मुख्य माणूस करू नका, जोडीला बसवा. सत्राच्या मध्यावर कुणी गेलं तरी प्रकरण अडता कामा नये. सुट्टीच्या काळासाठी बदली माणसाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे घाला. विभागाला शैक्षणिक वेळापत्रक तोंडपाठ असतं, त्यामुळे ही मागणी त्यांना नाकारता येणार नाही.

निळीछत्री

पटलं. त्यांचा निरोप आलाय की निदान पाठिंब्याचं पत्र तरी लगेच द्या, अर्जाची मुदत जवळ आलीय, करार नंतर बघू. द्यावं का?

जुनाखेळाडू

मोघम पाठिंब्याचं देऊ नका. वचनबद्धतेचं पत्र द्या, आणि त्यात आकडे घाला: आम्ही अमुक काम करू, त्यासाठी अमुक रक्कम, तिमाही आगाऊ, तातडीच्या कुटुंबांना प्रतीक्षा नाही, नावांची यादी आमच्याकडे. हे पत्र अर्जासोबत अनुदानदात्याकडे जातं, त्यामुळे नंतर कुणाला 'असं ठरलंच नव्हतं' म्हणणं अवघड होतं. मुदत त्यांना आहे तशी तुम्हालाही आहे, आणि तुमच्या पत्राशिवाय अर्ज जात नाही. त्यामुळे दुसरी संस्था शोधायला त्यांच्याकडेही आता वेळ नाही. पत्राचा मसुदा नावं काढून इथे टाका, रात्री बघतो.